एका घरात दोन मुकुंद

"तो ऐकत नाही," शालनकाकू म्हणाल्या.

"तुम्ही हाक मारलीत का त्याला?"

"मारली की."

"काय म्हणालात?"

काकूंनी पदराला हात पुसले आणि स्वयंपाकघराच्या दारातूनच फ्रिजवरच्या पांढऱ्या डब्याकडे बघितलं. "म्हटलं, अहो, ऐकलंत का, जरा घड्याळ सांगता का."

"काकू, त्याला 'अहो' कळत नाही."

"मग त्याला मराठी येतं म्हणून कशाला सांगितलंस?"

त्या वेळी मी एका बंगळुरूच्या कंपनीत कंत्राटी कामाला होते. बोललेलं ऐकून काम करणारं यंत्र घरोघरी पोचवायचं असं कंपनीनं मनावर घेतलं होतं. आकाराला हा एक गोल डबा, पितळी डब्यासारखाच, फक्त प्लास्टिकचा. त्याला हाक मारायची आणि काम सांगायचं. तो औषधाची वेळ सांगे, गाणी लावी, फोन जोडी. भारतात वीज जाते हे कंपनीला ठाऊक असल्यामुळे त्यात बॅटरीही होती, आणि आमच्या माहितीपत्रकात त्या बॅटरीबद्दल एक अख्खं पान होतं. बाजारात आणायच्या आधी काही घरांत ते वापरून बघायचं ठरलं, आणि कऱ्हाडची घरं माझ्या वाट्याला आली. मी मूळची तिथलीच, आणि लग्न होऊन पुन्हा तिथंच राहिलेली. माझ्या हुद्द्याचं नाव 'भाषा समन्वयक' होतं. प्रत्यक्षात मी डबे बसवत होते आणि लोकांची तोंडं बघत होते.

डब्याला नाव हवं होतं. आधी बाईचं ठरत होतं. त्यावर कंपनीतल्या एका वरिष्ठ बाईंनी विचारलं, की घरात सगळ्यांनी हुकूम सोडायला बाईच का? प्रश्न बरोबर होता, म्हणून पुरुषाचं ठरलं. प्रत्येक भाषेला वेगळं नाव. मराठीसाठी 'मुकुंद' निवडलं, कारण ते विश्वासू वाटतं असं पाहणीत निघालं आणि कुकरच्या शिट्टीतही यंत्राला ते नीट ऐकू जातं असं प्रयोगशाळेत निघालं. इंग्रजीत अशा डब्यांना हाक मारताना आधी एक 'हे' असतो, त्याचं कुणीतरी 'अरे' केलं. झालं. "अरे मुकुंदा" असं म्हटलं की डबा जागा होई आणि म्हणे, "बोला, मी ऐकतोय."

आणि शालनकाकूंच्या नवऱ्याचं नाव होतं मुकुंद शिवराम पोतदार.

हे मला आधी माहीत नव्हतं. गावात सगळे त्यांना अण्णा म्हणत. एस.टी. स्टँडवर कंट्रोलर होते. आमच्या लहानपणी "कऱ्हाडहून चिपळूणला जाणारी गाडी फलाट क्रमांक तीनवर लागत आहे" हे ज्या आवाजात ऐकू यायचं तो आवाज त्यांचा. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी तो आवाज तसाच होता. माझा डबा त्यांच्या आवाजावर इतका खूश होता की एकदाही चुकला नाही.

त्यांच्या मुलानं, शिरीषनं, स्वतःहून आमच्याकडे नाव नोंदवलं होतं. तो न्यूझीलंडला. अण्णांना मधुमेह, जेवणाआधी इन्सुलिनचं इंजेक्शन. जेवणाला उशीर झाला की साखर एकदम खाली यायची, घाम फुटायचा आणि अण्णा असंबद्ध बोलायला लागायचे. असं दोनदा झालं होतं. एकदा शेजारच्या घरात माणसं होती म्हणून निभावलं. काकूंना मोबाईल जमत नव्हता, चष्मा कधीच जागेवर नसायचा. शिरीषला एवढंच हवं होतं की अशा वेळी आईनं नुसतं म्हणावं, "अरे मुकुंदा, मदत", आणि डब्यानं डॉक्टरांना आणि त्याला फोन लावावा. तीन शब्द. सगळं घर त्या तीन शब्दांवर होतं, आणि त्यातले पहिले दोन काकू उच्चारायला तयार नव्हत्या.

"त्यांचं नाव कसं घेऊ?" काकू म्हणाल्या.

"त्यांचं नाही हो. डब्याचं."

"डब्याचं असलं तरी नाव त्यांचंच ना? आणि वर 'अरे'! मला माझ्या सासूबाईंनी या घरात आणलं तेव्हा पहिलं काय सांगितलं असेल तर ते हेच."

"तुम्ही उखाण्यात घेताच की नाव."

"उखाण्यात 'राव' असतं," काकू म्हणाल्या, "आणि चार बायका असतात."

मी माझ्या नवऱ्याला, प्रकाशला, 'अरे पक्या' म्हणते, तेही त्याच्या आईसमोर. त्यामुळे हे प्रकरण एका दुपारचं आहे असं मला वाटलं होतं. मी काकूंना समजावलं, गोंजारलं, शिरीषला फोनवर गळ घालायला लावली. काकू सगळ्याला हो म्हणाल्या. मग डब्यापुढे उभ्या राहिल्या, तोंड उघडलं, लाजल्या, आणि "दूध उतू जातंय" म्हणून आत गेल्या. आत दूध नव्हतंच.

एकदा मात्र त्यांनी मनापासून प्रयत्न केला. शेजारच्या दोघीतिघींना बोलावलं, कारण चार बायकांशिवाय नाव घ्यायचं कसं? डोक्यावर पदर घेतला, फ्रिजसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या,

"डब्यात भरले लाडू, लाडवात घातला बेदाणा,
मुकुंदरावांचं नाव घेते, आता तरी ऐका ना."

बायकांनी टाळ्या वाजवल्या. डबा ढिम्म. त्याला 'अरे' हवं होतं आणि 'राव' नको होतं.

"बघ," काकू मला म्हणाल्या, "मी माझ्या बाजूनं केलं."

मी हे सगळं बंगळुरूला कळवलं. तिकडून उत्तर आलं, की वापरणाऱ्या व्यक्तीचे उच्चार ग्रामीण आहेत का? मी लिहिलं, उच्चार उत्तम आहेत, नाव उच्चारायचंच नाही ही अडचण आहे. त्यावर एका मुलानं फार आस्थेनं विचारलं, की त्यांना बोलण्याचा काही आजार आहे का? शेवटी मी सुचवलं की हाक 'अहो' करा. महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या या हाकेवर घरं चालली आहेत, वेगळं शिकवावं लागणार नाही. ते त्यांना पटलं. त्यांनी प्रयोगशाळेत तसं करून बघितलं आणि डब्यासमोर एक मराठी मालिका लावली. डबा पहिल्या भागातच इतक्या वेळा जागा झाला की त्याची बॅटरी उतरली. सूचना फेटाळली गेली.

अण्णांचं बरोबर उलटं होतं. त्यांना डबा फार आवडला. सकाळी उठल्यापासून त्यांचा तो स्टँडवरचा आवाज घरभर घुमायचा. "अरे मुकुंदा!" डबा म्हणायचा, "बोला, मी ऐकतोय." आणि अण्णा पुढे काहीच बोलायचे नाहीत. थोडा वेळ थांबायचे आणि पेपर उघडायचे. थोड्या वेळानं पुन्हा, "अरे मुकुंदा!" पुन्हा काही काम नाही.

कंपनीला हे दिसत होतं. त्यांनी त्याला 'अपूर्ण आदेश' असं नाव दिलं आणि माझ्याकडे चौकशी केली, की काका विसरभोळे आहेत का? मी अण्णांना विचारलं.

"चालू आहे का ते बघत होतो," अण्णा म्हणाले.

"दिवसभर?"

"स्टँडवरचा माईकसुद्धा आम्ही तपासून घ्यायचो."

काकूंचं म्हणणं निराळं होतं. पोळ्या लाटता लाटता मला हळूच म्हणाल्या, "बोला, मी ऐकतोय म्हणतो गं तो. एवढं या घरात मला जन्मात कुणी म्हणालं नाही. मी त्याच्याशी बोलले असते. पण नाव तेवढं त्याचं चुकलं."

महिना संपत आला आणि बंगळुरूहून कळलं की अनिर्बन सर स्वतः येणार. हे या यंत्राचे कंपनीतले प्रमुख, मूळचे कोलकात्याचे, अत्यंत सभ्य माणूस. त्यांना एका वृद्ध जोडप्याच्या घरी यंत्र वापरताना बघायचं होतं, आणि विशेष करून बाईंनी वापरताना. माझं कंत्राट त्याच महिन्याला संपत होतं. पुढे ठेवायचं की नाही हेही तेच ठरवणार होते. मी हे पोतदारांकडे बोलले नव्हते, पण कऱ्हाडात अशी गोष्ट लपत नाही. काकू मला म्हणाल्या, "तू काळजी करू नकोस. पुरणपोळी करते."

"काकू, पुरणपोळीनं नाही व्हायचं. तुम्ही एकदा हाक मारा."

"आधी जेवू दे तर त्यांना," काकू म्हणाल्या. त्यांच्या लेखी निम्मं काम तिथंच होणार होतं.

त्या दिवशी अण्णा इस्त्रीचा सदरा घालून सकाळपासून पुढच्या खोलीत बसले होते. घरात वेलदोड्याचा वास होता. कटाची आमटी उकळत होती. सर विमानानं पुण्याला उतरून पुढे गाडीनं येत होते. साडेबाराच्या सुमाराला त्यांचा मला फोन आला, उंब्रज ओलांडलं, पोचतोच. मी तसं सांगितलं. अण्णांनी घड्याळ बघितलं, आत जाऊन शिस्तीत इंजेक्शन घेतलं आणि परत येऊन बसले.

उंब्रज सोडलं की पुढे टोलनाका. त्या दिवशी नाक्याच्या अलीकडे ऊस भरलेला ट्रॅक्टर ट्रॉलीसकट आडवा झाला होता. सर त्याच्यामागे अडकले आणि मला दर थोड्या वेळानं फोन करून माफी मागत राहिले.

"दोन घास खाऊन घ्या," काकू दारातून म्हणाल्या.

"पाहुणा वाटेत आणि मी ताटावर? असं कुठं असतं?"

"अहो, इंजेक्शन घेतलंय."

"माहीत आहे."

"अण्णा, सरांना काही वाटणार नाही," मी म्हटलं. "थोडं खा ना."

"वृषाली, गाडी लेट झाली म्हणून कंट्रोलर घरी जेवायला जात नसतो," अण्णा म्हणाले. "गाडी लागली, पाहुणा उतरला, मग." काकूंनी आणलेलं बिस्किट त्यांनी हातात घेतलं आणि तसंच बशीत ठेवून दिलं. काकू आत जाऊन पुन्हा बाहेर आल्या. "अहो," म्हणाल्या. अण्णांनी ऐकलंच नाही. साठ वर्षांच्या संसारात 'अहो'ला तशी धार राहिली नव्हती. त्या घरात दिवसातून शंभरदा 'अहो' व्हायचं आणि अण्णा त्यातल्या दोनतीनला मान वर करायचे.

सर आले तेव्हा दीड वाजून गेला होता. बूट बाहेर काढले, वाकून नमस्कार केला, काकूंसाठी मिठाई आणि अण्णांसाठी बिनसाखरेची मिठाई आणली होती. हे त्यांनी आठवणीनं केलं होतं. मग खिशातून मोबाईल काढून मला इंग्रजीत विचारलं, की मी चित्रण केलं तर यांना चालेल का? मी अण्णांकडे बघितलं. अण्णा हसत होते. फार हसत होते. सदऱ्याची कॉलर भिजली होती.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे," अण्णा म्हणाले.

सरांनी खुशीत मोबाईल वर धरला.

"कऱ्हाडहून... पाटणमार्गे..." अण्णांची जीभ जड झाली होती. "फलाट... फलाट क्रमांक..." आणि त्यांची मान छातीवर आली.

"वंडरफुल," सर हळूच म्हणाले. त्यांना हा प्रात्यक्षिकाचाच भाग वाटला होता.

"सर, त्यांची साखर उतरलीय!" मी ओरडले आणि डॉक्टरांचा नंबर फिरवायला लागले. तो लागेना. पुन्हा फिरवला. पहिल्या वेळी घाईत मी माझ्या सासूबाईंनाच फोन लावला होता. सर फोन हातात धरून तसेच उभे. आम्ही दोघं कंपनीचे, त्या यंत्रावर आमची पोटं, यंत्र समोर फ्रिजवर, आणि ते नेमकं याच कामासाठी बनवलेलं. दोघांपैकी एकालाही त्याची आठवण झाली नाही.

काकू पेल्यात साखरपाणी ढवळतच बाहेर आल्या. त्यांनी अण्णांच्या मानेखाली हात घातला आणि पेला ओठाला लावला. अण्णांनी दात घट्ट मिटले होते. पाणी हनुवटीवरून सदऱ्यावर ओघळलं.

"अहो. अहो, तोंड उघडा."

अण्णा लांब कुठेतरी बघत होते.

"अहो! ऐकताय ना? अहो, शिरीषचे बाबा! अहो!"

काही नाही. अण्णांचे डोळे मिटायला लागले. बेशुद्ध माणसाला काही पाजता येत नाही, आणि अण्णा त्या उंबऱ्यावर होते. काकूंनी पेला डाव्या हातात घेतला. उजव्या हातानं नवऱ्याचा खांदा गच्च धरला आणि ज्या आवाजात त्या कधी मोलकरणीलासुद्धा बोलल्या नव्हत्या त्या आवाजात ओरडल्या,

"अरे मुकुंदा! ए मुकुंदा! तोंड उघड!"

"बोला," फ्रिजवरून डबा म्हणाला, "मी ऐकतोय."

"तू नाही रे!" काकू मागे न बघता कडाडल्या. "तू गप्प बस!"

"माफ करा, मला समजलं नाही."

आणि अण्णांनी डोळे उघडले. कपाळाला आठी घालून, लहान पोरगं झोपेतून उठवल्यावर बघतं तसे बघायला लागले. बारीक आवाजात म्हणाले, "ओ."

"पी."

अण्णांनी तोंड उघडलं आणि पेलाभर साखरपाणी एका दमात प्यायले.

माझा फोन एकदाचा लागून डॉक्टर आले तोवर अण्णा भिंतीला टेकून बसले होते आणि सदरा ओला कसा झाला म्हणून विचारत होते. डॉक्टरांनी बोटातून रक्त काढून बघितलं, पुन्हा थोडी साखर दिली, आता लगेच जेवा म्हणाले, आणि पाहुण्याआधी न जेवण्याच्या रीतीबद्दल जे बोलले ते इथे लिहीत नाही. काकूंनी ताटं वाढली. सर पाटावर बसले, पण हात लावेनात. त्यांनी वाटेत गाडीत पाठ केलेल्या मराठीतलं एक वाक्य शोधलं आणि अण्णांकडे हात करून म्हणाले, "आधी तुम्ही." अण्णांनी पहिला घास घेतल्यावर त्यांनी पोळीचा तुकडा मोडला.

मग अण्णा पानाकडे बघत म्हणाले, "मला वाटलं, आई आली."

काकू तूप वाढत होत्या.

"मागच्या दारातून हाक मारायची ती. जेवायला. मी नदीवर असायचो, आणि तिचा आवाज तिथपर्यंत यायचा. अरे मुकुंदा." अण्णा थांबले. "ती गेली, मग मामा गेला, मग थोरला भाऊ. ते नाव घेणारं कुणी राहिलंच नाही बघ. डेपोत साहेब, गावात अण्णा, नातवंडांचा आजोबा. घरात अहो. सगळी मानाचीच नावं आहेत, माझी तक्रार नाही. पण माझं नाव जे होतं ते या घरात कुणी घेतलंच नाही, किती वर्षांत. हा डबा आला तेव्हा म्हटलं, बरं झालं, निदान आपलं आपल्याला म्हणता तरी येईल."

मला त्या 'अपूर्ण आदेशां'चा अर्थ तेव्हा लागला. दिवसभर तो म्हातारा माणूस घरात स्वतःच स्वतःला हाक मारत होता. मी पाण्याचा पेला शोधायला लागले.

"मग सांगायचं नाही का?" काकू म्हणाल्या. तुपाचं भांडं त्यांच्या हातात तसंच होतं.

"काय सांगू? मला नावानं हाक मार? अठ्ठ्याऐंशी वर्षांचा माणूस मी."

"मी तुम्हाला अरे म्हटलं," काकू म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज फुटला. "पाहुण्यांच्या देखत म्हटलं. ए म्हटलं."

"म्हटलंस," अण्णा म्हणाले. "तूप वाढ."

सरांना मराठी कळत नव्हतं. त्यांनी मला डोळ्यांनीच विचारलं, काय बोलले? मी म्हटलं, नंतर सांगते. नंतर गाडीपर्यंत पोचवायला गेले तेव्हा सांगितलं. त्यांनी गाडीचं दार उघडलं. मग म्हणाले, "त्यांच्या मुलाला फोन करायचा राहिला." तो मी करते म्हटलं.

यानंतरचं कंपनीच्या बाजूचं थोडक्यात सांगते. सरांच्या मोबाईलवर सगळं चित्रण झालं होतं, कारण तो बंद करायचं त्यांना सुचलंच नव्हतं. बंगळुरूच्या मोठ्या बैठकीत ते दाखवलं गेलं. यंत्रानं बाईंची पहिलीच हाक, घाबरलेल्या आवाजात, खोलीच्या दुसऱ्या टोकावरून अचूक ओळखली, म्हणून टाळ्या झाल्या. पुढचं वाक्य यंत्राला कळलं नाही, ते 'सुधारणेस वाव' या सदरात गेलं. सरांनी मात्र एक काम केलं. त्यांनी उभं राहून सांगितलं की डब्याला काय म्हणायचं ते ज्याचं त्यानं ठरवावं. आज तसंच आहे. यंत्र बाजारात आल्यावर लोकांनी त्याला बाळ्या म्हटलं, गुंड्या म्हटलं, माझ्या ओळखीच्या एका बाईंनी त्याला सासूचं नाव दिलं आणि दिवसभर हुकूम सोडतात. जाहिरातीत कंपनी सांगते की ही कल्पना ग्राहकांच्या घरी बसून सुचली. त्यात खोटं काही नाही. मलाही त्यांनी कायम केलं, आणि 'समन्वयक'च्या आधी 'वरिष्ठ' लावलं.

पुढच्या आठवड्यात मी पोतदारांकडे गेले. चाचणीचे डबे परत घ्यायचे असा नियम होता. पण अण्णांचं कळल्यावर सर म्हणाले होते, तो राहू दे तिथं. मी तेच सांगायला गेले होते. काकूंनी तो आधीच जुन्या मऊ पातळाच्या तुकड्यात गुंडाळून ठेवला होता, आणि बरोबर लाडवांचा डबा.

"काकू, ठेवून घ्या. शिरीषनं एवढ्यासाठीच तर मागवला होता. आता तुम्हाला हाक मारता येते."

"शिरीषला म्हणावं मोबाईल शिकव," काकू म्हणाल्या. "चष्मा गळ्यात अडकवून घेतलाय, बघ. हा घेऊन जा. एका घरात दोन मुकुंद नकोत. एकाला हाक मारावी तर दुसराच ओ देतो."

"अण्णांना चालेल?"

"त्यांना विचार."

अण्णा मागच्या अंगणात कढीपत्त्याला पाणी घालत होते. मी विचारलं. त्यांनी झारी खाली ठेवली नाही. "घेऊन जा," म्हणाले. "माईक नीट चालू आहे हे कळलं की तपासायचं काम संपतं."

मी डबा पिशवीत घातला, काकूंच्या पाया पडले आणि पुढच्या दारातून बाहेर पडले. चपला घालत होते तोवर आत कपबशीचा आवाज झाला. काकूंनी चहा ओतला असावा.

"अहो," काकू म्हणाल्या. "अहो, चहा."

मागच्या अंगणातून झारीचं पाणी पडत राहिलं. मी एक चप्पल घालून तशीच थांबले. त्यांनी दारातून रस्त्याकडे वाकून बघितलं असणार, कारण बांगड्या वाजल्या. खांबाआड मी त्यांना दिसत नव्हते.

मग अगदी हळू, पण स्पष्ट आवाज आला, "अरे मुकुंदा."

माझ्या पिशवीतून, पातळाच्या आतून डबा म्हणाला, "बोला, मी ऐकतोय."

मी घाईघाईनं हात घालून त्याचं बटण दाबलं आणि त्याला गप्प केलं. अंगणातलं पाणी थांबलं होतं.

"ओ," अण्णा म्हणाले.